नाताळचं झाड आणि दात शिवशिवणारं पिल्लू

डिसेंबर लागला की नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या गावांत जागोजागी घरांवर कागदी चांदण्या चढू लागतात. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं आणि पुढं याच रस्त्यावरच्या घोडेगावजवळच्या वडाळ्यालाही मिशनचं ठाणं झालं. त्यामुळे या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांत नाताळ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा सण आहे. करंज्या होतात, गव्हाणी मांडली जाते, आणि आता बऱ्याच घरांत कोपऱ्यात एक झाडही उभं राहतं. पूर्वी सुरूची फांदी चालायची, आता नगरच्या बाजारातून प्लॅस्टिकचं घडीचं झाड येतं.

घरात कुत्र्याचं पिल्लूही आलेलं असेल तर या झाडाचा मामला अवघड होतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये पिल्लू असतं तसं ते इथंही असतंच. पण घोडेगावच्या आसपास, विशेषतः मळ्यातल्या वस्तीवर, ते रात्री घरात घेण्याला आणखी एक कारण असतं. याच दिवसांत ऊसतोड चालू असते. उसातला आडोसा गेला की बिबट्या जागा बदलतो, आणि वस्तीवरचं कुत्रं हे त्याचं सोपं सावज. म्हणजे पिल्लाला बाहेर बांधून झाड वाचवायचं, हा पर्याय आपल्याकडे मुळातच नाही. पिल्लू आणि झाड एकाच खोलीत राहणार, हे धरूनच तयारी करायची.

तयारीचं सूत्र सोपं आहे. पिल्लाला शिस्त लागायला काही महिने लागतात आणि सण तर पंधरा दिवसांवर आलेला असतो. म्हणून यंदा बदल झाडात, वायरमध्ये आणि खोलीत करा. शिकवण सोबत चालू राहीलच, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका.

आधी पिल्लाचं वय बघा

सगळी पिल्लं सारखा उपद्रव करत नाहीत. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू फार उंच पोचत नाही, पण जमिनीवर पडलेली प्रत्येक गोष्ट तोंडात घालून बघतं. साधारण चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. हा काळ सगळ्यात कठीण. हिरड्या शिवशिवतात, म्हणून चप्पल, खाटेचा पाय, वायर, झाडाची फांदी, काहीही चावलं तरी त्याला बरंच वाटतं. सहा महिन्यांपुढचा नर पाय वर करून खुणा करायला लागतो. बाहेरच्या वासाची फांदी किंवा कुंडी घरात आली तर ती त्याला मुतायची हक्काची जागा वाटू शकते, आणि खाली विजेची वायर असेल तर हे नुसतं घाणीचं प्रकरण राहत नाही.

दात येणाऱ्या पिल्लाला चावायला स्वतःचं काहीतरी हवंच. रबराचं जाड खेळणं, फ्रीजमध्ये गार केलेलं मोठं गाजर, किंवा जुन्या सुती टॉवेलाला घट्ट गाठ मारून ओला करून गोठवलेला गोळा, यातलं काहीही चालेल. गाजर आणि टॉवेल मात्र तुमच्या नजरेसमोरच द्या, धागे सुटले की काढून घ्या. बारदान अंथरायला देऊ नका; त्याचे धागे ओढून खायला पिल्लांना फार आवडतं. गोधडी बरी.

झाड कोणतं आणि कुठं

घडीचं प्लॅस्टिकचं झाड पिल्लाच्या घरात बरं पडतं, पण त्याचा तीन पायांचा स्टँड अगदीच हलका असतो. रंगाचा दहा-वीस लिटरचा रिकामा डबा घ्या, झाडाचा दांडा मधोमध उभा धरा, भोवती विटांचे तुकडे ठोकून बसवा आणि वर ओली वाळू दाबून भरा. डब्याचं तोंड गोणपाटानं न झाकता फळीनं किंवा फरशीच्या तुकड्यांनी झाका, नाहीतर पिल्लू वाळू उकरत बसेल.

एवढ्यानं झाड सहज पडणार नाही, पण पाच-सहा महिन्यांच्या लॅब्रॅडॉरनं किंवा दणकट गावठी पिल्लानं धावत येऊन धडक दिली तर कलंडेल. म्हणून झाडाच्या वरच्या तिसऱ्या भागात बांधकामाची बाइंडिंग तार गुंडाळून ती खिडकीच्या गजाला दोन बाजूंनी ताणून बांधा. सुतळी वापरू नका. खाली लोंबणारं टोक पिल्लाच्या तोंडी लागलं की तेच झाड ओढून पाडेल. तारेची टोकं आत वळवून टाका.

खरं झाड हवं असेल तर नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून अरॉकेरियाची कुंडी मिळते. झाड देखणं, थरांथरांचं, आणि सण झाल्यावर अंगणातही ठेवता येतं. पण त्याची पानं टोचरी असतात आणि चावून गिळली तर पिल्लाला उलट्या होऊ शकतात. मोरपंखीचंही तसंच. कुंडी उंच स्टुलावर नको, ती पडेल. जड टेबलावर, भिंतीला लागून ठेवा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. खत मिसळलेलं ते पाणी पिल्लू पाण्याच्या भांड्याइतक्याच आनंदानं पितं.

जागा निवडताना पिल्लाची ये-जा बघा. दार आणि त्याची जेवणाची थाळी यांच्यामध्ये झाड उभं केलं तर दिवसातून वीस वेळा तिथून पळापळ होणार. दोन बाजूंना भिंत असलेला कोपरा उत्तम. उरलेल्या बाजूला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी लाकडी चौकटीला ठोकून कमरेइतक्या उंचीची उभी करा. दिसायला ती सुरुवातीला खटकते, पण तिच्यावर रंगीत कागदाच्या पताका लावल्या की निम्मं काम झाकलं जातं. चौकट भिंतीला किंवा खाटेला पक्की बांधा. नुसती टेकवून ठेवलेली जाळी पिल्लाच्याच अंगावर पडते.

वायरची काळजी सगळ्यात आधी

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक लाईटच्या माळा थेट प्लगला लागतात. त्यांतले दिवे एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे दिवा बारीक दिसला तरी वायर २३० व्होल्टची असते. पिल्लानं ती कुठंही कुरतडली तरी झटका पूर्ण ताकदीचा बसू शकतो. त्यापेक्षा अ‍ॅडॉप्टरवर चालणारी कमी व्होल्टची एलईडी माळ घ्या. प्लगपासून अ‍ॅडॉप्टरपर्यंतचाच भाग धोक्याचा राहतो आणि तो उंचावर ठेवता येतो. बॅटरीवरची माळ घेतली तर बॅटरीचा डबा स्क्रूनं बंद होणारा असावा.

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या पीव्हीसी पाइपमधून वायर नेली आणि पाइप भिंतीला क्लिपांनी ठोकला तर खर्च फारसा येत नाही आणि निम्मी चिंता मिटते. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. भिंतीवर खिळ्याला टांगा. घरात मीटरजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली नसेल तर सणाच्या निमित्तानं वायरमनला बोलावून ती बसवून घ्या. करंट गळायला लागला की ती क्षणात पुरवठा तोडते, आणि तिचा उपयोग पिल्लाइतकाच घरातल्या लहान मुलांनाही आहे.

झोपताना आणि घराबाहेर पडताना नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा.

सजावट गुडघ्याच्या वर

पिल्लू मागच्या पायांवर उभं राहिलं की त्याचं तोंड कुठवर पोचतं ते बघा, त्यावर आणखी एक वीत धरा, आणि तिथून वरच सजावट करा. खालचा भाग मोकळाच ठेवा. सजावट वर गेल्यानं झाड लांबूनही उठून दिसतं, त्यामुळे रिकाम्या भागाची फारशी खंत वाटत नाही.

सजावटीत सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे चमकीच्या लांब झिरमिळ्या. काचेच्या गोळ्यापेक्षाही वाईट. झिरमिळी, फीत किंवा दोरा गिळला तर त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं, आतडी ते पुढं ढकलायला बघतात आणि दोऱ्यावर गोळा होत जातात. ताणलेला दोरा मग आतडं आतून कापतो. ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही. म्हणून पिल्लू असेल त्या वर्षी झिरमिळ्या घरातच आणू नका, अगदी वरच्या फांदीवरही नकोत; त्या गळून खाली येतातच.

काचेचे गोळे फुटतात, थर्माकोलचे तुकडे गिळले जातात, बर्फ म्हणून पसरलेला कापूस पोटात गोळा होऊन बसतो. त्याऐवजी लाकडी, कापडी किंवा जाड पुठ्ठ्याच्या वस्तू करा. तारेच्या आकड्यांनी अडकवण्याऐवजी त्या फांदीलाच घट्ट बांधा. झाडावर चॉकलेटं टांगायची पद्धत असेल तर यंदा ती सोडा.

एक उपयोगी युक्ती घोडेगावच्या बाजारातच मिळते. शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो तेव्हा दावी, कासरे, गोंडे आणि घंटाही येतात. गाईच्या गळ्यातली एक मोठी घंटा आणून झाडाच्या खालच्या दांड्याला तारेनं बांधा. पिल्लानं झाडाला नाक लावलं की स्वयंपाकघरात ऐकू येतं. घंटा मोठीच हवी. घुंगरू बांधलं तर ते गिळलं जाईल.

गव्हाणीचा प्रश्न

झाडापेक्षाही पिल्लाला ओढ असते ती गव्हाणीची, कारण ती जमिनीवर मांडलेली असते आणि तिच्यात त्याच्या तोंडात मावतील अशी मेंढरं असतात. मातीची मूर्ती फुटली तर टोकदार तुकडा आणि रंग दोन्ही पोटात जातात. गव्हाणी टेबलावर किंवा भिंतीतल्या कोनाड्यात मांडा.

तिच्यात अंथरायचं गवत निवडूनही घ्या. माळावरचं कुसळीचं गवत आणलं तर त्याची कुसळं पिल्लाच्या कानात, नाकात, पंजाच्या बोटांमध्ये घुसतात आणि पुढं सरकत राहतात. मागं फिरत नाहीत. पिल्लू एकसारखं डोकं झटकत असेल किंवा एकच पंजा चाटत बसलं असेल तर कुसळ शोधा. गव्हाणीला भाताचा किंवा गव्हाचा मऊ पेंढा बरा, तोही ओंब्या काढलेला.

फराळ आणि कांदा

सणात कुत्र्याच्या पोटाला झाडापेक्षा ताटाचा धोका जास्त. चार गोष्टी घरातल्या सगळ्यांना, आणि येणाऱ्या पाहुण्यांनाही, स्पष्ट सांगून ठेवा.

पहिली, केक आणि लाडवातले मनुके-बेदाणे. द्राक्षं आणि मनुक्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, आणि किती खाल्लं तर चालतं याचं सुरक्षित माप नाही. त्यांतलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं २०२१ पासून पशुवैद्यक मानू लागले आहेत. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेचं सारही त्याच्या थाळीत नको.

दुसरी, चॉकलेट. ५ किलोच्या पिल्लाच्या पोटात साधारण ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट गेलं की उलट्या, जुलाब, बेचैनी सुरू होऊ शकते. डार्क चॉकलेट २० ग्रॅमच्या आसपासही पुरतं, आणि केकसाठी आणलेली कोको पावडर चहाचे दीड-दोन चमचे. जास्त गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, झटके येतात.

तिसरी, कांदा-लसूण. घोडेगाव कांद्याच्या बाजाराचं गाव, चाळीत आणि ओट्यावर कांदा पडलेलाच असतो. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला तरी रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात. शिजवून हा दोष जात नाही, म्हणून मटणाचा रस्सा भाकरीवर ओतून देणं बंद. लक्षणं लगेच दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, आणि तोवर काय खाल्लं होतं ते घरच्यांच्या लक्षातही राहत नाही.

चौथी, शिजवलेली हाडं. शिजलेलं हाड, विशेषतः कोंबडीचं, चावल्यावर टोकदार चिरफळ्यांत तुटतं. त्याशिवाय साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली च्युइंगम किंवा गोळ्या घरात असतील तर कपाटात कुलपात ठेवा. कुत्र्याची रक्तातली साखर त्यानं झपाट्यानं उतरते.

पिल्लालाही सणाचं काही द्यायचं असेल तर बिनमीठ-मसाल्याचं उकडलेलं चिकन, हाड काढून, भातात कालवून द्या.

झाडाची ओळख करून देताना

झाड एका दिवसात उभं करून सजवू नका. पहिले दोन-तीन दिवस नुसतं झाड, बांधून पक्कं केलेलं. पिल्लाला हुंगू द्या. नवलाई उतरली की वायर आणि माळ लावा. आणखी एक-दोन दिवसांनी सजावट.

या दिवसांत रोज दोन वेळा पाच-पाच मिनिटं शिकवणी घ्या. पिल्लाच्या पट्ट्याला हलकी दोरी लावा, खिशात चिकनचे बारीक तुकडे ठेवा आणि झाडापासून चार-पाच पावलांवर बसा. पिल्लू झाडाकडे निघालं की शांत आवाजात नाव घ्या. ते वळून तुमच्याकडे बघतं त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि तुकडा तुमच्या पायाशी द्या, झाडाजवळ नव्हे. वळलं नाही तर दोरी ओढू नका, दोरी धरून जागीच थांबा. पुढं जाता येत नाही हे कळलं की ते मागं बघतंच. असं चार-सहा वेळा झालं की थांबा. कंटाळलेलं पिल्लू काही शिकत नाही.

तोंडात काही घेऊन पळालं तर त्याच्यामागं धावू नका. पाठलाग त्याला खेळ वाटतो, आणि पकडलं जाणार असं वाटलं की पिल्लू वस्तू गिळून टाकतं. त्याऐवजी उलट दिशेला जा, खाण्याचा डबा वाजवा आणि वस्तूच्या बदल्यात तुकडा द्या. देताना "सोड" म्हणत गेलात की महिनाभरात तो शब्द कामाला येतो. मारल्यानं ते झाडाला नव्हे, तुम्हाला घाबरायला शिकतं. तुम्ही नसताना झाड चावतंच.

संध्याकाळी माळ लावण्याआधी त्याला मळ्यात चांगलं पळवून आणा. दमलेलं पिल्लू झाडाखाली झोपतं.

चोवीसची रात्र

२४ डिसेंबरच्या रात्री सगळं घर चर्चला जातं आणि झाडाजवळ पिल्लू एकटं उरतं. निघण्याआधी प्लग काढा, पिल्लाला दुसऱ्या खोलीत पाणी, गोधडी आणि चावायच्या खेळण्यासह ठेवा, दाराला कडी लावा. गोठ्यात किंवा अंगणात बांधून जाऊ नका. या खोलीत एकटं राहायची सवय आठवडाभर आधीपासून रोज थोडी-थोडी लावा. एकदम तीन तास कोंडलं तर ते दार ओरबाडत बसेल.

परत आल्यावर नाताळगीतं म्हणणारी मंडळी ढोलकी घेऊन दारात येतात, फटाके वाजतात, दार उघडंच राहतं. घाबरलेलं पिल्लू अशा वेळी निसटून रस्त्यावर जातं, आणि इथला रस्ता रात्रीही ट्रकचा आहे. मंडळी आत येईपर्यंत त्याला दोरीनं हाताशी धरा. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहिलेला असू द्या.

पाहुण्यांच्या मुलांना पिल्लाचे दात किंवा नखं खेळताखेळता लागू शकतात. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. त्याआधी आणि लस दिली असली तरीही, रक्त आलं किंवा ओरखडा उठला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका.

काही झालंच तर

पिल्लाला झटका बसला असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा. मेन स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा. ते उठून चालायला लागलं तरी दवाखान्यात न्या. तोंडातला भाजलेला भाग वरून दिसत नाही, आणि फुफ्फुसांत पाणी होऊन धाप लागायला काही तास, कधी दीड दिवसही लागतो.

विषारी काही खाल्लं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. मीठच जास्त झालं तर मेंदूला सूज येते. दूध, तूपही नको. काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि पिल्लाचं वजन किती, हे लिहून घ्या, वेष्टन बरोबर घ्या. उलटी काढायची तर ती डॉक्टर काढतात, आणि पहिल्या दोन तासांत गेलात तर तिचा उपयोग होतो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका.

पुन्हा पुन्हा उलटी, पोटाला हात लावला की कळवळणं, जेवण सोडणं, शी न होणं, यातलं काहीही सणाच्या आठवड्यात दिसलं तर "जास्त खाल्लं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

पंचवीसला सरकारी सुट्टी असते, म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. प्राथमिक उपचार ते करतीलच, पण एक्स-रे आणि ऑपरेशन लागलं तर नगरला कुठं जायचं, रात्री तिथं कोण भेटतं, हे त्यांनाच विचारून नंबर भिंतीवर चिकटवा. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल फ्री नंबर १९६२ आहे, तोही त्यातच लिहा.

एवढं सगळं जमणार नसेल तर

घर लहान असेल, दिवसभर पिल्लाजवळ कोणी नसेल, तर यंदा हातभर उंचीचं झाड कपाटावर ठेवा आणि बाहेर मोठी चांदणी टांगा. झाड उभं केलं तरी रिवाजाप्रमाणे ६ जानेवारीपर्यंत ठेवण्याचा हट्ट नको. वर्ष उलटलं की उतरवा, आणि खाली पडलेले आकडे, तारेचे तुकडे लोहचुंबक फिरवून गोळा करा. दीड-दोन वर्षांचं झालं की बहुतेक कुत्री झाडाकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग दर नाताळला सजावट एक-एक वीत खाली आणता येईल. झिरमिळ्या मात्र तेव्हाही नकोत.